तर्री, टरबूज आणि आयरिस: फुलाचा रंग ठरतो कसा

आमच्या गावातील एक तरुण सैन्यात आहे. काश्मीरमधून सुटीवर येताना त्याने वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दोन कंद आणले होते. दिसायला ते हळदीच्या कांड्यांसारखेच, फक्त थोडे अधिक जाड आणि चपटे होते. काश्मीरमध्ये कबरस्तानात आयरिस हे फुलझाड लावण्याची जुनी रीत आहे, आणि तेथे उन्हाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे ताटवे फुलतात. त्याने आणलेल्या कंदांपैकी एक पांढऱ्या फुलाचा आणि दुसरा जांभळ्या फुलाचा होता. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवले असल्यामुळे त्याने कंद दाखवायला माझ्याकडेच आणले आणि विचारले, “सर, ह्या पांढऱ्याचं अन् जांभयाचं लगन लावलं तं फिकं जांभयं फूल येईन काय?”

प्रश्न साधा वाटतो आणि त्याचे ‘होय’ हे उत्तर तर अगदी स्वाभाविक वाटते, कारण आपल्या अंगणातील गुलबक्षी तसेच वागते. लाल गुलबक्षीचा पांढऱ्या गुलबक्षीशी संकर केला, तर पुढच्या पिढीत गुलाबी फुले येतात. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलचे विस्मरणात गेलेले काम 1900 साली पुन्हा उजेडात आणणाऱ्यांपैकी एक असलेल्या कार्ल कॉरेन्सने हे गुलबक्षीवरच दाखवून दिले होते, आणि तेव्हापासून शाळेच्या पुस्तकांत हेच उदाहरण चालत आले आहे. त्यामुळे दोन रंग म्हणजे दोन बादल्या आणि संकर म्हणजे त्या एकमेकींत ओतणे, अशी एक समजूत आपल्या डोक्यात पक्की बसते. आयरिसच्या बाबतीत ही समजूत चालत नाही. ती का चालत नाही, हे समजण्यासाठी आधी स्वयंपाकघरात जावे लागेल.

सावजी रस्सा किंवा तर्री-पोह्यांवरची तर्री आठवावी. मिरचीचा लाल रंग खालच्या पाण्यात फारसा उतरत नाही, तो वर तरंगणाऱ्या तेलात उतरतो. गाजराचा हलवा परतताना तूप केशरी होते, तेही याच कारणाने. हे रंग कॅरोटिनॉइड या गटातील आहेत आणि त्यांना स्निग्ध पदार्थ मानवतो. याउलट होळीसाठी आपण पळसाची फुले पाण्यात भिजत घालतो, तेव्हा रात्रीतून पाणी केशरी-पिवळे होते. निळ्या गोकर्णाची फुले गरम पाण्यात टाकली की पाणी निळे होते आणि त्यात लिंबू पिळले की ते जांभळट-गुलाबी होते. पळसाचा आणि गोकर्णाचा रंग फ्लेव्होनॉइड या एकाच मोठ्या कुळातला, पाण्यात विरघळणारा आहे. या कुळातील निळ्या, जांभळ्या आणि लाल छटा देणाऱ्या शाखेला अँथोसायनिन म्हणतात. (गुलबक्षीचा रंग या दोन्ही गटांत बसत नाही. तो बीटाच्या रंगाच्या जातकुळीतला आहे, म्हणजे आपले पाठ्यपुस्तकी उदाहरण रसायनाच्या दृष्टीने जरा आडवाटेचेच आहे.)

आयरिसच्या पाकळीत हे दोन्ही प्रकारचे रंग असू शकतात, पण ते एकमेकांत मिसळत नाहीत, कारण ते पेशीच्या वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. अँथोसायनिन पेशीच्या मधोमध असलेल्या पाण्याच्या पिशवीत, म्हणजे रिक्तिकेत, विरघळलेले असते. कॅरोटिनॉइड वर्णलवक नावाच्या सूक्ष्म कणांत साठलेले असते. एकच घर, पण पाण्याचा माठ आणि तेलाचा डबा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेला, अशी ही मांडणी आहे. दोन्ही रिकामे असतील तर फूल पांढरे दिसते. केवळ माठ भरलेला असेल तर जांभळे किंवा निळे, केवळ डबा भरलेला असेल तर पिवळे, आणि दोन्ही भरलेले असतील तर पिवळ्यावर जांभळ्याचा थर पडून तपकिरी, चॉकलेटी किंवा काळपट तांबडा रंग डोळ्याला दिसतो. बागाईतदार ज्याला हौसेने ‘लाल आयरिस’ म्हणतात, तो दाढीच्या आयरिसमध्ये बहुधा हाच दुथरी प्रकार असतो.

‘दाढीचा’ हा शब्द येथे सांगून टाकतो. या फुलाला तीन पाकळ्या वर उभ्या आणि तीन खाली लोंबत्या असतात, आणि प्रत्येक लोंबत्या पाकळीच्या मध्यभागी केसाळ पट्टा असतो, त्याला दाढी म्हणतात. बागांमध्ये सर्वाधिक संकर झाले आहेत ते याच दाढीच्या आयरिसचे.

जनुक म्हणजे रंग नव्हे, ती रंग तयार करण्याची सूचना असते, आणि हे पाहायला आपल्याला शेताबाहेर जावे लागत नाही. अमेरिकन पऱ्हाटीचे फूल सकाळी उमलते तेव्हा पिवळसर पांढरे असते आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होते. फूल तेच आणि त्यातील जनुकेही तीच. फक्त उमलल्यानंतर अँथोसायनिन तयार करण्याचे काम सुरू झाले. हे काम एका झटक्यात होत नाही. जिनिंगमध्ये कापसापासून सरकी वेगळी होते, मग रुई, मग गाठ, तसे पेशीतही एकामागून एक टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्यावर एक विकर, म्हणजे एंझाइम, राबत असते. विकर कसे असावे हे एक जनुक सांगते आणि ते केव्हा व कुठे कामाला लागावे हे दुसरे सांगते. रंगाच्या संकरातील बहुतेक चमत्कार या दुसऱ्या प्रकारच्या जनुकांचे असतात.

आता त्या पांढऱ्या फुलाकडे वळू, कारण खरी मेख तेथेच आहे. आयरिसमध्ये पांढरेपणा एकाच कारणाने येत नाही. एका प्रकारात रोधक जनुक असते. ते अँथोसायनिनचे काम बंद पाडते, आणि ते प्रभावी आहे, म्हणजे त्याची मोजकी उपस्थितीही जांभळ्यावर मात करते. रोप जांभळा रंग तयार करण्यास पूर्ण लायक असते, पण कारखान्याच्या दारावर कुलूप असते. दुसऱ्या प्रकारात कुलूप नसते, आतले यंत्रच अपुरे असते. हा पांढरेपणा अप्रभावी आहे, म्हणजे तो देणाऱ्या जनुकाच्या सगळ्या प्रती एकत्र आल्या तरच तो दिसतो. बाहेरून दोन्ही फुले सारखीच पांढरी दिसतात. मात्र पहिल्या प्रकारच्या पांढऱ्याचा जांभळ्याशी संकर केला तर बरीचशी किंवा सगळीच संतती पांढरी निघते, आणि दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्याशी केला तर बहुधा सगळी जांभळी निघते.

रोधकाचा हुकूम पाण्याच्या माठापुरताच चालतो आणि तेलाच्या डब्याशी त्याचे काही देणेघेणे नसते, ही गोष्ट मला स्वतःला फार उद्बोधक वाटते. म्हणूनच पुष्कळ पांढऱ्या आयरिसच्या दाढीत पिवळा रंग शाबूत राहतो. तपकिरी फुलाच्या घराण्यात रोधक शिरला, तर वरचा जांभळा थर जातो आणि खालचा पिवळा उघडा पडतो, म्हणजे तपकिरी आणि पांढऱ्याच्या संकरातून लख्ख पिवळे फूल निघू शकते. बादल्या ओतण्याच्या हिशेबात हे बसणारच नाही.

या अडवणुकीला जागेचेही बंधन असू शकते. उभ्या पाकळ्या पांढऱ्या आणि लोंबत्या पाकळ्या जांभळ्या, अशा दुरंगी फुलांना ‘अमीना’ म्हणतात. जुन्या अमीना जातींमध्ये हा गुण अप्रभावी होता आणि त्यांची पैदास करणे मोठे कटकटीचे होते. अमेरिकेतील इंडियाना राज्यातील पॉल कुक यांनी ‘आयरिस रायशेनबाखिआय’ या बुटक्या रानटी जातीचा संकर उंच आयरिसशी केला आणि त्यातून मिळालेले एक रोप 1951 साली ‘प्रोजेनिटर’, म्हणजे पूर्वज, या नावाने बाहेर आणले. फूल म्हणून त्यात दिपून जावे असे काही नव्हते. मात्र केवळ उभ्या पाकळ्यांतील अँथोसायनिन अडवणारे प्रभावी जनुक त्याच्याजवळ होते. त्याच्या वंशातून कुक यांनी 1958 साली ‘होल क्लॉथ’ हे पांढऱ्या-निळ्या रंगांचे फूल दिले, आणि त्याला 1962 साली डाइक्स पदक मिळाले, जे या क्षेत्रात सर्वोच्च मानले जाते. आज दिसणाऱ्या कितीतरी दुरंगी आयरिसच्या घराण्यात हा पूर्वज आहे. रूपापेक्षा वंशगुण पाहून रोप राखून ठेवणाऱ्या माणसाची ही दृष्टी आपल्याकडच्या चांगल्या गोपालकाला लगेच समजेल.

असाच आणखी एक नमुना ‘प्लिकाटा’ नावाचा आहे. पांढऱ्या लुगड्याला जांभळा काठ असावा, तशी या पाकळीच्या कडेने जांभळ्या ठिपक्यांची आणि टाक्यांची नक्षी असते. येथे अँथोसायनिन फक्त कडेला उतरते. हा गुण अप्रभावी आहे, आणि अप्रभावी गुणाची गोष्ट निघाली की आयरिसमध्ये गणिताला तोंड द्यावेच लागते.

माणसात, गाईत आणि देशी कापसात प्रत्येक गुणसूत्राच्या, म्हणजे जनुके वाहून नेणाऱ्या धाग्याच्या, दोन प्रती असतात. देशी कापसाची गुणसूत्रे 26 आहेत. अमेरिकन कापसाची मात्र 52 आहेत, कारण दोन वेगळ्या जातींचे संच त्यात एकत्र आलेले आहेत. बन्सी गव्हाची 28 आणि नेहमीच्या पोळीच्या गव्हाची 42. म्हणजे वनस्पतींत असे दुप्पट-तिप्पट संच असणे ही काही नवलाची गोष्ट नाही. आयरिसमध्येही एकोणिसाव्या शतकातील युरोपी बागांमधील उंच जाती मुख्यतः ‘पॅलिडा’ आणि ‘व्हॅरिगाटा’ या 24 गुणसूत्रांच्या जातींपासून आलेल्या होत्या. पुढे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ मायकेल फॉस्टर यांनी तुर्कस्तानच्या बाजूकडून मोठ्या फुलांचे आयरिस मिळवले, आणि त्यांची गुणसूत्रे 48 होती. त्यांच्या रक्ताने फुले थोराड आणि पाकळ्या जाड झाल्या. आर्थर ब्लिस यांनी 1917 साली इंग्लंडमध्ये आणलेली मखमली जांभळी ‘डोमिनियन’ ही या नव्या पिढीतील गाजलेली जात होती. आजचे उंच दाढीचे आयरिस बहुतेक सगळे 48 गुणसूत्रांचे, म्हणजे चतुर्गुणित आहेत आणि प्रत्येक जनुकाच्या त्यांच्याजवळ चार प्रती असतात.

चार प्रतींनी काय फरक पडतो, ते चिठ्ठ्या उचलून पाहावे. समजा, टोपीत दोन चिठ्ठ्या आहेत, एक प्रभावी गुणाची आणि एक अप्रभावी गुणाची, आणि प्रत्येक पालक त्यांतील एक चिठ्ठी मुलाला देतो. अप्रभावी चिठ्ठी मिळण्याची शक्यता निम्मी, आणि दोन्ही पालकांकडून तीच मिळण्याची शक्यता 4 पैकी 1. हा मेंडेलचा ओळखीचा हिशेब झाला. आता टोपीत चार चिठ्ठ्या टाका, दोन प्रभावी आणि दोन अप्रभावी, आणि पालकाला दोन चिठ्ठ्या द्यायला सांगा. चारांतून दोन उचलण्याचे एकूण 6 मार्ग आहेत आणि त्यांपैकी एकाच मार्गाने दोन्ही अप्रभावी चिठ्ठ्या येतात. म्हणजे एका पालकाकडून 6 पैकी 1 आणि दोघांकडून मिळून 36 पैकी 1. जो गुण द्विगुणित रोपात चार रोपांमागे एकदा उघड झाला असता, तो आता छत्तीस रोपांमागे एकदा दिसतो. असे दोन स्वतंत्र अप्रभावी गुण एकाच फुलात आणायचे असतील, तर 36 गुणिले 36, म्हणजे सरासरी 1,296 रोपांमागे एक.

बी पेरल्यापासून फूल येईपर्यंत साधारणपणे दोन-तीन वर्षे जातात, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती जड आहे ते कळते. म्हणूनच शहाणा संकरक पहिल्या संकरातून मिळालेले रोप पुन्हा शुद्ध अप्रभावी पालकाशी जुळवतो आणि 36 ची शक्यता 6 वर आणतो.

आयरिसमधील गुलाबी रंगाची कथा या गणिताशी जोडलेली आहे, आणि मला ती सगळ्यांत आवडते. आयरिसमध्ये गुलाबी रंग जांभळा फिका करून मिळतच नाही. जांभळा कितीही फिका केला तरी त्यातून लॅव्हेंडर, फिकट निळा, अशाच छटा निघतात. खरा गुलाबी आला तो माठातून नव्हे, डब्यातून. कॅरोटिनॉइड तयार होण्याच्या साखळीत लायकोपीन नावाचा एक टप्पा असतो आणि एरवी त्याचे पुढे पिवळ्या-केशरी बीटा-कॅरोटीनमध्ये रूपांतर होते. एका अप्रभावी जनुकाच्या चारही प्रती जुळून आल्या की हे लायकोपीनच साचून राहते. दाढी शेंदरी होते आणि पाकळ्या गुलाबी दिसतात. हेच लायकोपीन टमाट्यात असते, आणि वर्धा-वैनगंगेच्या वाळूत पिकणाऱ्या टरबुजाचा लाल गरही त्याच्यामुळेच लाल असतो. म्हणजे गुलाबी आयरिसचे नाते गुलाबी गुलाबापेक्षा टरबुजाशी जवळचे आहे. इलिनॉयमधील डेव्हिड हॉल यांनी 1940 च्या दशकात या रंगाच्या जाती पुढे आणल्या आणि त्यांतील ‘शेरी’ला 1951 साली डाइक्स पदक मिळाले. मोठे फूल गुलाबी नसेल पण दाढी शेंदरी असेल, तर अनुभवी संकरक त्यावरूनच ओळखतो की आत चारही चिठ्ठ्या जुळलेल्या आहेत आणि वरचा दुसरा कोणता तरी रंग त्यांना झाकतो आहे.

मग लालभडक आयरिस का नाही? अँथोसायनिनचे मुख्य साचे तीन आहेत. पेलार्गोनिडिन शेंदरी-लाल छटा देते, सायनिडिन लाल-किरमिजी, आणि डेल्फिनिडिन जांभळी-निळी. तिघांमध्ये फरक रेणूच्या एका कड्यावर हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, एक, दोन की तीन, एवढाच असतो. दाढीच्या आयरिसचा कारखाना जवळजवळ सगळा कच्चा माल डेल्फिनिडिनकडे लोटतो, कारण त्याच्या साखळीतील विकरांना तीन गटांचाच माल पसंत पडतो. गुलाबाचे नेमके उलट आहे. त्याच्याकडे डेल्फिनिडिन तयार करणारे विकरच नाही, म्हणून शेकडो वर्षे संकर करूनही निळा गुलाब झाला नाही. जपानमधील सनटोरी कंपनीच्या संशोधकांनी अखेर प्रयोगशाळेत जनुके बाहेरून घातली. त्यांतील एक पॅन्सीच्या फुलाचे होते आणि दुसरे आयरिसचे. असा फिकट जांभळा गुलाब जपानमध्ये 2009 पासून विकला जाऊ लागला. आयरिसच्या ज्या विकराच्या हट्टापायी आयरिसला लाल होता येत नाही, त्याच विकराने गुलाबाला निळेपणाच्या दिशेने चार पावले नेले, यातील गंमत वनस्पतिशास्त्राबाहेरच्या माणसालाही कळावी. आयरिस कुळात तांबडा अगदीच नाही असे मात्र नाही. अमेरिकेच्या मिसिसिपी नदीच्या दलदलीतील ‘आयरिस फल्वा’ विटकरी तांबडी असते, पण ती दाढीवाल्यांच्या नात्यात फार दूरची आहे आणि त्यांच्यात संकर सहज होत नाही.

एवढ्या खटाटोपातून एक मनासारखे रोप हाती आले, तर पुढचे काम सोपे असते. आयरिस कंदावर वाढते आणि कंदाचा तुकडा लावला की तेच रोप, तोच रंग पुन्हा मिळतो. वायगावची हळद पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहिली, ती बियाण्यावर नव्हे, कांड्यांवर चालते म्हणून. बी पेरले की मात्र सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा टोपीत जातात.

आता त्या जवानाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे. मी त्याला सांगितले की पांढरा रोधकामुळे पांढरा असेल आणि त्याच्या चार प्रतींपैकी दोन रोधकाच्या असतील, तर जांभळ्याशी संकरातून सहांपैकी पाच रोपे पांढरी किंवा पांढुरकी आणि एक जांभळे असा हिशेब निघेल. एकच प्रत असेल तर निम्मी-निम्मी, आणि पांढरेपणा अप्रभावी असेल तर बहुधा सगळी जांभळी. फिके जांभळे मध्येच एखादे निघेलही, कारण रोधकाची एकच प्रत पुष्कळदा रंग पूर्ण पुसत नाही आणि थोडी छटा मागे ठेवते. पण ते दोन रंगांच्या मिश्रणाने आलेले नसेल, अर्धवट लागलेल्या कुलुपामुळे आलेले असेल. शिवाय त्याने आणलेला जांभळा कंद जुन्या ‘आयरिस जर्मानिका’ या प्रकारचा दिसत होता. तो मुळातच 44 गुणसूत्रांचा, फार पूर्वी झालेला संकर आहे आणि त्याच्यात बी क्वचितच धरते, तेव्हा परागकण त्याच्यावर लावण्यापेक्षा त्याचे पांढऱ्यावर लावून पाहा, आणि बोंड फुगले नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, हेही सांगितले.

आम्ही कंद विहिरीजवळच्या वाफ्यात लावले. या आयरिसला कडक हिवाळा आणि कोरडा उन्हाळा हवा असतो, आणि आमच्याकडे पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो, मग मृगापासून काळी माती महिनोन्‌महिने पाणी धरून बसते. पांढरा कंद श्रावणात सडला. जांभळ्याला हिवाळ्यात पाच हिरवी पाती आली, फूल आले नाही. पुढच्या सुटीत तो जवान मला बेलमकंदाचे बी आणून देणार आहे. केशरी पाकळ्यांवर लाल ठिपके असलेली ही बाग-वनस्पती पूर्वी ‘बेलमकांडा’ या नावाने वेगळी मानली जात होती आणि ते नावच मुळी मलबारातून गेलेले आहे. 2005 साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला आयरिसमध्ये घेतले. दाढी नसली तरी ऊन सोसणारी आहे, आणि वाफा मी या वेळी उंचावर, मुरूम टाकून केला आहे.